स्तोत्रसंहितेस, सिंधीपुऱ्यातून

प्रिय स्तोत्रसंहिते,



आमच्या घरात तुला दोन नावं आहेत आणि शेजार धरला तर तीन. आई मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, तिची तू स्तोत्रसंहिता. रविवारची उपासना हिंदीत, तिथे तू भजन संहिता. आणि भिंतीपलीकडच्या चाचांची तू जबूर. चाचांचा जन्म यंत्रमागावर गेला. संध्याकाळी आई ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागली की ते दारात येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, दाऊद अलैहिस्सलाम जबूर म्हणायचे तेव्हा डोंगर आणि पाखरंही त्यांच्यासोबत म्हणायची. आईनं काही न बोलता पानं उलटली आणि 148वं स्तोत्र वाचून दाखवलं. त्यात डोंगर आहेत, पाखरंही आहेत. चाचा कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिले. बऱ्हाणपुरात हे घडावं यात नवल नाही. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही 1590 पासून कोरलेला आहे.

तू मुळात आमची नव्हेस, हे मी विसरत नाही. यहुदी लोकांनी तुला मंदिरात गायलं, परागंदा झाल्यावरही सोडलं नाही. मराठीतही तुझं ते माहेर आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

आज लिहायला बसलो ते तक्रार घेऊन. तक्रार तुझ्याबद्दल नाही, आम्हा वाचणाऱ्यांबद्दल आहे. तुझी स्तोत्रं दीडशे आणि आम्ही पाच-सहांवर भागवतो. आजारपणात 91, प्रवासाला निघताना 121, पश्चात्तापाला 51, दफनविधीला 90 आणि 23, वर्षअखेरीस आभार मानायला 103. मंडळीतल्या कुणाचंही शास्त्र उघडून पाहावं, 23व्या स्तोत्राचं पान बोटांनी काळवंडलेलं असतं आणि 88व्याचं कोरं करकरीत.

आईच्या शास्त्रात मात्र 88चं पान शिवणीतून सुटून आलं आहे. त्यामागची हकिकत तुला ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत.

धाकटा भाऊ गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनेला माणसं जमली. सगळी मायेची. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. कुणी म्हणालं, रडू नका, स्तुती करा. मग 23वं झालं, दोन गीतं झाली, चहा झाला. आई भिंतीला टेकून बसली होती, तिचे ओठ एकदाही हलले नाहीत. माणसं गेल्यावर तिनं चष्मा मागितला. त्याची एक काडी तुटलेली होती, तिथे दोरा बांधला होता, तो तिनं कानामागे अडकवला आणि 88वं काढलं. ओळीखाली बोट ठेवून, थांबत थांबत वाचलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, सुटका नाही. तिनं आमेनही म्हटलं नाही. शास्त्र मिटलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणाजवळ नव्हते ते शब्द तुझ्याजवळ होते, आणि ते देवालाच उद्देशून होते. 88व्या स्तोत्राच्या शिरोभागी कोरहाच्या पुत्रांचं आणि हेमान एज्राही याचं नाव आहे. तो माणूस देवाला दोष देतो, जाब विचारतो, पण देवाकडे पाठ फिरवत नाही. रात्रंदिवस त्याच्याच दारात हाका मारतो. याला मी विश्वास म्हणतो. त्या दिवशी घरात जमलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा आईचा विश्वास मोठा होता, कारण तिनं देवापुढे खोटं बोलायचं नाकारलं.

आणि हे काही एकटंदुकटं स्तोत्र नव्हे. तुझा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग विलापाचा आहे. 13वं जेमतेम सहा वचनांचं, त्यात कुठवर हा एकच प्रश्न चार वेळा येतो. मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. तुकोबा विठोबाशी कडाकडा भांडले, नामदेव त्याच्यावर रुसले, जनाबाईनं त्याला हक्कानं बोल लावले. नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगत. त्यांनी अभंग आणि भजन आमच्या उपासनेत रुजवलं. पण त्या पुलावरून आम्ही गोडवा तेवढा उचलून आणला, भांडण पलीकडेच ठेवून आलो. माझ्या मते यात आमच्या उपासनेचं मोठं नुकसान झालं.

पंडिता रमाबाईंनी ते भांडण पलीकडे ठेवलं नसतं. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या भटकंतीत गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. त्या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र साध्या मराठीत उतरवलं, खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. छपाई तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी झाली. काम शेवटाला आलं असताना 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. विलापाचे शब्द त्यांना कोशात शोधावे लागले नसणार.

तुझी चाल मला चाचांच्या यंत्रमागामुळे कळली. हिब्रू कवितेचा भर यमकावर नसतो. एक गोष्ट म्हणायची आणि मग तीच जरा वळवून पुन्हा म्हणायची. धोटा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो, प्रत्येक खेपेला कापड एका धाग्यानं वाढतं. यमक भाषांतरात हरवतं, ही ये-जा हरवत नाही. म्हणून तर तू मराठीत जगतेस, हिंदीत जगतेस.

तुझ्यातलं सगळंच मला पेलतं असं नाही. 137व्याच्या शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांबद्दल जे मागणं आहे ते वाचताना आजही जीभ अडखळते. पूर्वी मी ते गाळायचो, आता गाळत नाही. घरदार जळालेल्या, बंदिवासात नेलेल्या माणसांचा तो संताप आहे, आणि त्यांनी तो देवापुढे मांडला आहे. रस्त्यावर दगड होऊन येण्याआधी माणसाचा राग प्रार्थनेत यावा, तिथे देवानं तो ऐकावा आणि आपल्या हाती ठेवून घ्यावा, एवढं मला त्यातून कळतं. लहान मुलांना मात्र मी ते अजून वाचायला देत नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांना तर तुला गाळण्याची सोयच नाही. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आली ती तुझीच वचनं. आधी 22व्यातला टाकून दिल्याचा आक्रोश, आणि प्राण सोडताना 31व्यातलं आत्मा पित्याच्या हाती सोपवणं. मार्क पहिलं सांगतो, लूक दुसरं. जे शब्द प्रभूला अविश्वासाचे वाटले नाहीत, ते आमच्या आईनं म्हणू नयेत असं आम्ही कोण सांगणार?

आई गेल्यापासून आम्ही घरी जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाच्या रीतीनं वाचतो. महिन्याचे तीस दिवस, सकाळ आणि संध्याकाळ मिळून साठ भाग, काहीही न वगळता दर महिन्याला तू पूर्ण. निवड आपल्या हाती राहत नाही, हाच त्याचा मोठा गुण. घरात आनंद असला तरी विलाप समोर येतो, तेव्हा तो दुसऱ्या कुणासाठी म्हणायचा. चार तारखेच्या संध्याकाळी 22 आणि 23 एकाच बैठकीत येतात. टाकून दिलेल्याची हाक आणि तिच्या लगेच पुढे मेंढपाळ. हा शेजार मी इतकी वर्षं शास्त्र वाचूनही पाहिला नव्हता, कारण 23वर मी नेहमी थेट उडी मारून यायचो.

पाळकांना आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना तुझ्या वतीनं एक विनंती करतो. दुःखाच्या घरी जाताना 23वं जरूर न्या, पण 88वं मागे ठेवून जाऊ नका. आणि त्या घरातल्या बाईला आमेन म्हणायची घाई करू नका.

आज सतरा तारीख. सकाळच्या भागात 86, 87 आणि 88 होतं. सुटलेलं पान जागेवर धरून मुलीनं वाचलं. संध्याकाळी 89वं आहे.

तुझा,
एक वाचक
सिंधीपुरा, बऱ्हाणपूर