हाड जुळेपर्यंत

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडची एक हकीगत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसविले होते. त्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतला, मग तो सपाट करून कपाळावर रेघ मारली. आधी नमुना, मग शस्त्र.

आमच्या वडील बंधूंच्या जबड्याच्या वेळी तो नमुना संगणकात होता. लष्करातल्या वाड्यात आल्यागेल्यापुढे तंबाखूचा डबा सरकविण्याची रीत; तिची किंमत त्यांनी मोजली. कर्करोगासह खालच्या जबड्याचा डावा भाग काढून पायातले नडगीशेजारचे बारीक हाड, रक्तवाहिन्यांसकट, तेथे बसविले. जबड्यासाठी ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली.

जखम भरली, पण हाड जुळले का? वहिनी डॉक्टरांना विचारीत, “गजक केव्हा खाता येईल यांना?” ग्वाल्हेरच्या थंडीत हा प्रश्न क्षुल्लक नव्हे! उत्तर ठरलेले : “अजून मऊच द्या.”

या ‘अजून’चे गणित मांडण्याची खटपट संशोधक करीत आहेत. सी.टी. स्कॅनवरून संगणकात जबडा उभारून त्याचे असंख्य सूक्ष्म खंड पाडतात, प्रत्येकाला हाडाचा वा धातूचा ताठपणा देतात, आणि चावणाऱ्या स्नायूंचा जोर लावून सांध्यावर किती ताण येतो ते काढतात. सांधा फार हलला तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊती धरते. भार मुळीच न आला तर हाड झिजते. हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलते, हे जर्मनीच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडले होते. धातूची पट्टी अति भक्कम असली की सारा भार तीच पेलते आणि हाड आळसावते. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

किरणोपचाराने मंदावलेले रक्त, मात्र, या हिशेबात नेमके बसविणे कठीण. आणि दादांना ते उपचार घ्यावेच लागले. सहाव्या महिन्याच्या चित्रात हनुवटीकडचा सांधा धरलेला दिसतो, कानाकडे बारीक फट आहे. वहिनी गजक खलबत्त्यात कुटून दुधात भिजवितात.