निदेशकांचा निदेशक

चिरंजीव साहेब,

तू गटनिदेशक झालास, फार आनंद झाला. जोडारी, कातारी आणि संधाता या तिन्ही व्यवसायांचे निदेशक आता तुझ्या हाताखाली. ‘मॅडम, त्यांच्या तासाला जाऊन बसायचं, पण बघायचं काय?’ हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहिते.

आपल्या आयटीआयमधला निदेशक हाताने पक्का असतो. सीआयटीएस या निदेशक-प्रशिक्षणाच्या वर्षभरात तो पाठटाचण काढायला शिकतो. तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी या चार पायऱ्याही पाठ करतो. तरी एक गोष्ट राहतेच. बसलेल्या हाताला आपण काय करतो ते सांगता येत नाही. कानस पुढे जाताना डाव्या हाताचा दाब कमी होत जातो आणि उजव्याचा वाढत जातो, म्हणून पृष्ठभाग सपाट निघतो. निदेशक हे वर्षानुवर्षं करतो, पण पोरांना म्हणतो, ‘हे बघा, असं.’ पोरं तसंच करायला जातात, कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो.

तेव्हा तू फळ्याकडे बघू नकोस, पोरांच्या हातांकडे बघ. तास संपल्यावर सगळ्यांचे जॉब टेबलावर मांड आणि गुण्या लावून निदेशकालाच उजेडात बघू दे. बहुतेकांची चूक एकसारखी असेल तर खोट प्रात्यक्षिकात आहे, प्रत्येकाची वेगळी असेल तर सराव कमी पडलाय. निष्कर्ष तू काढू नकोस, त्याला काढू दे. शेरा ऐकून माणूस खजील होतो; जॉब बघून कामाला लागतो.

प्रात्यक्षिकातली खोट काढायची एक जुनी रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखे कामगार भरमसाट आले. त्यांना शिकवायचं कसं, हे तिथल्या मुकादमांना दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत शिकवलं जाई. प्रत्येकाने आपल्याच खात्यातलं एक काम आणायचं, त्याचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यातली मेख कागदावर लिहायची, मग ते काम सगळ्यांसमोर कोणाला तरी शिकवून दाखवायचं. तुझ्याकडे हे शनिवारी दुपारी सहज जमेल. मात्र संधात्याला कातारीच्या पाठाला विद्यार्थी म्हणून बसव. व्यवसायातला माणूस न सांगितलेलंही समजून घेतो, परका लगेच अडतो.

आता नाजूक गोष्ट. गोपनीय अहवालाचं काम आणि मार्गदर्शनाचं काम एकाच खुर्चीत आलं की निदेशक अडचण लपवायला शिकतो. ‘मला सीएनसीचं प्रोग्रॅमिंग नीट येत नाही,’ असं पन्नाशीतला निदेशक साहेबाला सांगेल का? म्हणून निरीक्षणाचं टिपण त्याच्याच हातात दे, प्रत ठेवू नकोस, फायलीला लावू नकोस. अपवाद फक्त सुरक्षिततेचा. वेल्डिंगला पोरगं उघड्या डोळ्यांनी उभं दिसलं, तर निदेशकाचा मान वगैरे बाजूला ठेवून काम तिथल्या तिथे थांबव.

आणि सीएनसीवर उपाय व्याख्यानाचा नाही. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात आपली पोरं शिकाऊ उमेदवारी करतात, तिथे त्या निदेशकाला सुट्टीत आठवडाभर मशीनवर उभं राहता येईल अशी सोय कर. प्राचार्यांचं पत्र तू स्वतः घेऊन जा. त्याला परवानगीसाठी खेटे घालायला लागले तर तो पुन्हा विचारणार नाही.

सुरुवात मात्र तिघांच्या तासाला जाऊन करू नकोस. आधी तू स्वतः एक पाठ घे, तिघांना मागे बसव आणि नंतर त्यांचं ऐकून घे. मधे बोलू नकोस, खुलासे देऊ नकोस. तुला ते निमूट ऐकता आलं, तर त्यांच्या वर्गात जायचा हक्क तुझा.

कळावे,
तुझी,
मॅडम