नान्नजच्या माळावर : काटा, कुसळ आणि चीक

सोलापुरातून बार्शीच्या रस्त्याने निघालात, की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी राखलेला माळ तो हाच. माळढोक आता दिसणे दुर्मिळच, पण काळविटांचे कळप मात्र नजरेस पडतात. वाचकहो, तुम्ही म्हणाल, उजाड माळात पाहण्यासारखे काय आहे? आमच्याही गावाला असा माळ आहेच की! मीही तेच म्हणत होतो. पण दिवाळीच्या सुमारास तिथे गेलो आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळाने माझे डोळे उघडले.

माळाच्या कडेला त्यांची मेंढरे चरत होती. मी सहज विचारले, "मामा, काळवीट खातंय, मेंढरू खातंय, टोळ खातंय. मग माळ उरतो कसा?"

मामा हसले. "जे खाऊ देत न्हाई ते राहतंय, आन् खाल्लं तरी पुन्हा फुटतंय ते बी राहतंय."

मग काठीने एकेक झाड दाखवत ते पुढे चालले. चला, तुम्हीही या आमच्याबरोबर.

पायाखाली आहे ते कुसळी गवत. पावसाळ्यात कोवळे असते तेव्हा जनावरे आवडीने खातात. पण बी धरले की त्याला टोकदार कुसळ येते. ओल लागली की त्याचा पीळ उलगडतो आणि बी जमिनीत घुसते. मेंढराच्या लोकरीतही ते तसेच घुसते आणि कातडीला जखम करते. गवताची आणखी एक खुबी आहे. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे वरचे पाते खाल्ले तरी खालून नवे येते. शिवाय पात्यात वाळूसारखे कण असतात, ते चरणाऱ्याचे दात झिजवतात.

पुढे बाभूळ. लहान झाडाचे काटे पाहा, किती लांब आणि पांढरे! झाड शेळीच्या तोंडाच्या टप्प्यात असते तोवर काट्याची गरज जास्त. पाल्यात आणि सालीत तुरट द्रव्य असते. त्याच सालीने पूर्वी कातडी कमावीत. हे द्रव्य पोटात गेले की पाल्यातली प्रथिने नीट पचत नाहीत. म्हणून शेळी चार घास घेते आणि दुसऱ्या झाडाकडे जाते. पण शेंगा पिकल्या की हीच बाभूळ उदार होते. शेंग जनावराने खावी, टणक बी लेंडीवाटे दूर पडावे, हेच तिला हवे असते.

रुईचे पान तोडलेत तर पांढरा चीक येतो. त्यात हृदयावर परिणाम करणारे विष असते, म्हणून गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. तरीही तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांची एक अळी खुशाल चरताना दिसेल. ती चिकातले विष अंगात साठवते. पुढे तिचे केशरी फुलपाखरू होते, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या एका फुलपाखराच्या मादीने तर हुबेहूब त्याचाच रंग घेतला आहे. अंगात विष नसले तरी त्या रंगाच्या धाकावर तीही वाचते. एका झाडाच्या चिकावर किती जणांचा संसार चालतो, पाहा!

आता कामाची गोष्ट. माळावर पवन्या आणि मारवेल भरपूर असेल तर माळ सुखी समजावा. तिथे रुई, तरवड आणि तरोटाच माजला, की चराई फार झाली म्हणून ओळखावे. गोड गवत जनावरांनी संपवले आणि काटेरी, कडू, विषारी तेवढे मागे राहिले, असा त्याचा अर्थ. अशा माळाला दोन-तीन पावसाळे बंदी घालावी आणि नंतर आळीपाळीने चारावे. चांगल्या गवताची थोटके जिवंत असतील तर ते पुन्हा डोके वर काढते.

मामांनी शेवटी वाळूत पसरलेला इंद्रावणाचा वेल दाखवला. हा कलिंगडाचाच भाऊबंद, पण जहर कडू. त्याला राखण लागत नाही. कलिंगडातला कडूपणा आपण पिढ्यान् पिढ्या निवडून काढून टाकला, म्हणून त्याच्या राखणीला आपल्याला रात्र जागवावी लागते. पिकाचे हत्यार आपण काढून घेतले, तेव्हा त्याचे रक्षण आता आपल्याच गळ्यात आले.

पण सगळ्याच पिकांनी हत्यार टाकलेले नाही. परत येताना मला आमची खिल्लारी गाय आठवली. मी दहा-बारा वर्षांचा होतो. पाऊस ओढला होता, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकत होती. मी गाय त्यात सोडली आणि चिंचेखाली खेळत बसलो. थोड्या वेळात गाय धापा टाकू लागली, थरथरली आणि खाली पडली. आई धावत आली तोवर सगळे संपले होते. आई मला एक शब्दही बोलली नाही, त्याचेच मला जास्त लागले.

ज्वारीच्या कोवळ्या पानात विषाची दोन अंगे वेगवेगळी ठेवलेली असतात. जनावराने पान चावले की ती एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यात ते जास्त असते. म्हणून फुलोरा येईपर्यंत ज्वारीत जनावर सोडू नका. चुकून खाल्लेच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. वेळेत इंजेक्शन मिळाले तर जनावर वाचते.

पुढच्या खेपेला गुरे घेऊन माळावर जाल तेव्हा ती काय खातात ते तर पाहाच, पण काय सोडून देतात तेही पाहा. आणि पोरांच्या हाती गुरे देताना ज्वारीची ही गोष्ट त्यांना आधी सांगा. मला ती कोणी सांगितली नव्हती.