फाटक्या वेषातला तो माणूस

'द रेड बॅज ऑफ करेज' ही स्टीफन क्रेनची कादंबरी १८९५ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर जन्मलेल्या, एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या या मुलाने तोवर एकही लढाई पाहिलेली नव्हती. तरीही रणांगणावरील एका पोराचे मन त्याने असे उलगडले आहे, की कितीदाही वाचले तरी मी अस्वस्थ होतो.

हेन्री फ्लेमिंग सैन्यात भरती होतो तो वीरकथांच्या धुंदीत. निरोप देताना आईने काही भव्य बोलावे, ही त्याची अपेक्षा. ती माउली मात्र बटाटे सोलत मोज्यांविषयी बोलते आणि मला सांगायला लाज वाटेल असे काही करू नकोस, एवढेच बजावते. पहिला हल्ला परतवताच त्याला स्वतःचे कौतुक वाटते. दुसऱ्या हल्ल्यात तो पळत सुटतो. मग शहाणपणाचा आधार शोधणे आलेच! झाडावरच्या खारीला तो फळ फेकून मारतो, ती पळते. पळणे हा निसर्गाचाच नियम, असे तो ठरवून टाकतो. पुढे चॅपेलसारख्या एका शांत राईत कुजणारे प्रेत भेटते, तेव्हा तो आधारही उरत नाही.

त्याचा मित्र जिम कॉन्क्लिन त्याच्यासमोर मरतो. त्या क्षणी आकाशात चिकटवल्यासारखा दिसणारा लाल सूर्य काही समीक्षकांना मिस्सातील भाकरीसारखा वाटला. आपल्याला हा अर्थ मोहात पाडील. पण पत्र बंद करण्याची लाल चकती, हा इतरांनी लावलेला साधा अर्थच मला अधिक पटतो.

जिमच्या मृत्यूचा आणखी एक साक्षीदार आहे: फाटक्या वेषातला, स्वतः दोन ठिकाणी जखमी झालेला एक अनोळखी सैनिक. 'तुला कुठे लागले?' हे तो मायेने पुन्हा पुन्हा विचारतो. हेन्रीला जखमच नाही, म्हणून तो प्रश्न त्याला सोसवत नाही. भ्रमात बरळणाऱ्या त्या माणसाला शेतात एकटे सोडून तो निघून जातो.

पुढे पळणाऱ्या एका सैनिकाच्या बंदुकीचा तडाखा डोक्यात बसतो आणि तीच त्याची 'लढाईतील जखम' ठरते. सोबती मलमपट्टी करतात. सकाळपर्यंत अभिमान परत येतो, कारण पळताना कोणी पाहिलेले नसते. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच शौर्याने लढतो, निशाण हाती घेतो, वरिष्ठांची शाबासकी मिळवतो. भित्र्याचा शूर झाला, असा या कथेचा सारांश बहुधा सांगतात. मला तो अपुरा वाटतो. हेन्री स्वतःला सतत दुसऱ्यांच्या डोळ्यांतून पाहतो. एकच आठवण अशी आहे, की जिला साक्षीदार नाही आणि जी शाबासकीनंतरही त्याला छळते. ती पळण्याची नव्हे, त्या सोडून दिलेल्या माणसाची.

१८९६ साली क्रेनने 'द व्हेटरन' ही लघुकथा लिहिली. तीत वृद्ध हेन्री आपण पहिल्या लढाईत पळालो होतो, हे चारचौघांत हसत सांगतो. नातवाला मात्र ते ऐकून धक्का बसतो. त्याच कथेत, जळत्या गोठ्यातील शिंगरे वाचवायला म्हातारा आत शिरतो आणि मरतो. जिमचे नावही त्याच्या बोलण्यात येते. फाटक्या वेषातल्या माणसाविषयी तो एक शब्दही काढत नाही.