नगर ते किबेरा

जुलैतलं नैरोबी थंड असतं, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. विषुववृत्त जवळ असलं तरी शहर वसलंय जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याही वर. आभाळ दिवसभर भरलेलं आणि अंगावर स्वेटर. आम्ही नगरच्या ख्रिस्ती मंडळीतले काहीजण पाळकसाहेबांबरोबर इथल्या एका समाजकेंद्रात सेवेसाठी आलो होतो. केंद्र किबेरात, शहराच्या नैर्ऋत्येला.

किबेरा म्हणजे गंजक्या पत्र्यांचा समुद्र. ब्रिटिशांच्या फौजेतल्या नुबियन सैनिकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या रानात राहायला जागा मिळाली, आणि पुढे कामाच्या शोधात आलेल्यांनी ती भरत गेली. जमीन सरकारी, पण राहणारे बहुतेक भाडेकरू. वस्ती दहा लाखांची असल्याचं अनेक वर्षं सांगितलं जाई. २००९च्या जनगणनेत मात्र ती १ लाख ७० हजारांच्या आसपास निघाली. वस्तीतून रेल्वे जाते. गाडी आली की रुळांवर मांडलेली दुकानं क्षणात बाजूला होतात, गेली की पुन्हा मांडली जातात. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत हा लोहमार्ग टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर आणले होते. ते बहुतेक पंजाबकडचे. अडीच हजारांच्या आसपास माणसं त्या कामात दगावली.

केंद्र म्हणजे एक पत्र्याचा हॉल, दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. सकाळी लहानग्यांची बालवाडी, दुपारी शाळा सुटलेल्या मुलांचा अभ्यास, संध्याकाळी बायकांचा बचत गट. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे ‘ममा’ म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. पहिल्याच सकाळी त्यांनी नियम सांगितले. विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत. गोळ्या-चॉकलेटं, पैसे वाटायचे नाहीत. आणि भिंती रंगवायच्या नाहीत. आमच्यातल्या एका तरुणाने रंगकामाची तयारी दाखवली, तेव्हा ममा हसून म्हणाल्या, “रंगारी याच गल्लीत राहतो. त्याची मजुरी का बुडवता?”

मग आमच्या वाट्याला आलं ते असं : घेवडा निवडणं, पातेली घासणं, पाणी भरणं आणि पुस्तकांची नोंद. पाण्याला नळ नाही. वीस लिटरचे पिवळे कॅन विकत भरून आणायचे, त्यामुळे भांडी घासताना हात आपोआप जपून चालतो. कोळशाच्या शेगडीवर मका आणि घेवडा एकत्र शिजायचा. त्याला गिथेरी म्हणतात. शुक्रवारी चपात्या. त्या मैद्याच्या, तेल लावून पदर सुटलेल्या. आमच्या महिला मंडळातल्या मावशी पोळपाटाशी बसल्या आणि तिथल्या स्वयंपाकिणीशी एकही भाषा सामाईक नसताना दोघींचा चपात्यांचा ढीग दुपारपर्यंत उभा राहिला.

गल्लीतून जाताना पोरं एका सुरात “हाउ आर यू?” ओरडत मागे धावत. उत्तराची कुणाला गरज नसे, परदेशी माणूस दिसला की ते म्हणायचंच. पण केंद्रात अभ्यासाला बसणारी तीच पोरं अपूर्णांकांवर डोकं खाजवत. प्राथमिक शिक्षण केनियात २००३पासून मोफत आहे, तरी गणवेश, वह्या आणि दुपारचं जेवण यांचा प्रश्न घरोघरी उरतोच. केंद्रातल्या त्या एका ताटासाठीही कितीतरी मुलं येतात. रोजचे शिक्षक वस्तीतलेच. त्यांना प्रत्येक मुलाचं घर ठाऊक. आम्हाला नावं पाठ होईपर्यंत परतायची वेळ आली.

तिथे मला सारखी आठवण येई ती सिंथिया फरार बाईंची. अमेरिकन मिशनच्या या बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले भारावले आणि त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. मिशनच्या सगळ्याच गोष्टींचं समर्थन कुणी करणार नाही, पण बाई आपली भाषा शिकून तीस-पस्तीस वर्षं राहिल्या, म्हणून त्यांचं काम रुजलं. सुट्टी काढून आलेल्या आम्हा पाहुण्यांची त्यांच्याशी बरोबरी नाही. किबेरातल्या फरारबाई म्हणायच्या तर त्या ममा आणि ते शिक्षक.

म्हणून परदेशी सेवेला निघणाऱ्यांना एवढंच सांगणं : जा जरूर, पण काय करायचं ते तिथल्या माणसांनाच ठरवू द्या. पातेली घासायला सांगितली तर मनापासून घासा. आणि विमानाच्या तिकिटावर खर्च होतो त्यातला थोडा वाटा तरी परतल्यावर नेमाने पाठवत राहा. आमच्या मंडळीने केंद्राच्या मक्या-घेवड्याचा आणि कोळशाचा दरमहा खर्च उचलला आहे. ममांनी आमच्याकडे मागितलं होतं ते हेच.