चाळीस हजार आणि एक खड्डा

यादी वहीच्या पानावर उतरवलेली होती. पहिल्या ओळीत ग्राफिक कार्ड, खाली प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट. सगळ्यात शेवटी, पानावर जागा संपली म्हणून समासात आडवं लिहिलेलं : 'एसएमपीएस – कॅबिनेटसोबत फ्री'. मुलगा नुकताच बारावी झालेला. वडिलांच्या शर्टाच्या खिशातून कांद्याची पट्टी डोकावत होती. बजेट चाळीस हजार. वर एक रुपया नाही.

मिरजगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रिंटर आणि शाळांची मशिनं यांवर पोट चालतं. गेमिंगची मशिनं जोडणं हा त्यातला हौसेचा भाग. अशा याद्या आता महिन्याला दोन-तीन येतात. मी त्या खालून वर वाचतो.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून देणारा डबा. मी एक फुकटातला आणि एक तीन हजारांच्या आसपासचा, असे दोन डबे वडिलांच्या दोन हातांत दिले. शेतकऱ्याला वजन शिकवावं लागत नाही. "ह्यो तर रिकामाच हाय की," ते म्हणाले. अगदी रिकामा नव्हता. पण फिल्टरचे भाग बसवायच्या जागा मोकळ्या सोडून तिथे नुसती तार जोडलेली, आणि उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे पत्रे पापडाएवढे पातळ. मग मुलाला लेबल वाचायला लावलं. वर ठळक 500 वॅट. खालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या लाइनला 14 अँपिअर. "गुणाकार कर." 168 आले. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच लाइनवर जगतात, बाकीचा आकडा शोभेला.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. 2021 मध्ये ग्राफिक कार्डांची टंचाई होती, भाव दुपटीच्या घरात गेले होते. मावसभावाच्या मशिनमध्ये सगळे पैसे मी कार्डात घातले आणि वीज फुकटातल्या डब्यावर सोडली. एका संध्याकाळी गेलेली लाईट आली, फटाक्यासारखा आवाज झाला, आणि डब्याने जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही सोबत नेले. चांगला डबा मरतो तेव्हा एकटा मरतो; आउटपुटचं व्होल्टेज चढलं की स्वतःला बंद करून घेण्याची सोय त्यात असते. भाऊ अजून बोलतो माझ्याशी, पण कॉम्प्युटरबद्दल नाही.

शहरातले व्हिडिओ करणारे चुकीचं सांगत नाहीत, पण त्यांची वीज वेगळी. आमच्या वस्त्यांवर विहिरींच्या मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज 165 वर आलेलं मी मीटरवर पाहिलंय. बरा एसएमपीएस 100 ते 240 पर्यंत कुठेही चालतो. स्वस्तातल्या डब्याच्या मागे लाल खटका असतो, 115 आणि 230 असा. तो 230 वर असताना व्होल्टेज फार उतरलं की मशिन ऐन खेळात रिस्टार्ट होतं, आणि कुणी उत्साहाने 115 वर ढकलला की विषय संपतो.

"कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात" ही माझ्याकडची सगळ्यात जुनी तक्रार. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही बाहेरच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर ती गळती मातीत जाते. नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतं. करंट अगदी कमी, माणसाला मुंगी चावल्यासारखा. पण आपण मॉनिटरची वायर खोचायला जातो तेव्हा ही मुंगी पोर्टाला चावते. तीन पिनांचं सॉकेट घरोघर आहे, तिसऱ्या भोकामागे वायर क्वचितच. म्हणून मी त्या बापाला सांगितलं, पहिले दोन हजार माझ्याकडे देऊ नका. वायरमन बोलवा, खड्डा घ्या, रॉड, मीठ, कोळसा घाला. आपल्याकडची मुरमाड जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते. आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतायची जबाबदारी खेळणाऱ्याची.

"म्हणजे कार्ड राहिलं," मुलगा म्हणाला. चेहरा पडला.

राहिलंच. त्याला हवं होतं व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. पहिला गेम 2020 चा आणि मुद्दाम साध्या मशिनांवर चालेल असा बनवलेला, दुसरा कॉम्प्युटरवर आला 2015 मध्ये. या दोघांसाठी रायझन 5 5600जी पुरतो. 2021 चा, सहा कोरचा, ग्राफिक पोटातच असलेला. मात्र त्याच्या पोटातल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच खातो. त्यामुळे 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8-8 च्या दोन घ्यायच्या, म्हणजे त्याला दोन्ही हातांनी जेवता येतं. ही एक गोष्ट चुकलेली मशिनं माझ्याकडे 'स्लो आहे' म्हणून येतात. पट्टी वाढवली की मालकाला वाटतं मी जादू केली. (2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटासेंटरांनी चिप ओढून घेतल्या आणि झळ मिरजगावच्या दुकानापर्यंत आली.)

स्वस्तातलं कार्ड आत्ताच घ्यावं का? आरएक्स 6500 एक्सटीचं उदाहरण घ्या. ते बोर्डाशी फक्त चार लेननी बोलतं. नव्या, चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर ते चालून जातं. 5600जीला ती तिसऱ्या पिढीचीच मिळते, तिथे वाट निम्मी अरुंद होते आणि 4 जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. स्वस्त कार्ड नेमकं स्वस्त मशिनमध्येच लंगडतं. त्यापेक्षा थांबून आठ लेनचं आरएक्स 6600 घेतलेलं बरं.

सेकंडहँडला माझा विरोध नाही. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. रात्रंदिवस चाललेल्या कार्डाची चिप बहुधा शाबूत असते, पंख्याचं बेअरिंग आणि मेमरी दमलेली असते. म्हणून वीस मिनिटं लोड देऊन पडद्यावर ठिपके येतात का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आरएक्स 580 सांगून 2048 कोरचं कार्ड गळ्यात मारतात. खऱ्यात 2304 असतात. जीपीयू-झेड उघडून आकडा वाचायचा, खोक्यावरचं चित्र नाही.

पंधरा दिवसांनी मशिन वस्तीवर बसवलं. सॉकेटमध्ये मीटर घातला : न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन व्होल्ट. खड्ड्याभोवती माती ओली होती. मुलाने गेम लावला, वडील मागे उभे राहून बघत होते. कोण कोणाला गोळी घालत होतं ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

मुलगा मागची बाजू बघत होता. "दादा, कार्डाच्या जागेच्या या पत्र्याच्या पट्ट्या आत्ताच काढून ठेवू का? दिवाळीत कार्ड घेणारे."

"काढू नको," मी म्हणालो. "पाल शिरते."