दोष पंपात नाही

उन्हाळा लागला की यावल-रावेरकडून फोन सुरू. "भाऊ, मोटर जयली!" (तिकडे 'ळ'चा 'य' होतो, हे जळगावबाहेरच्यांसाठी.) मे महिन्याच्या उन्हात केळी तहानेला थांबत नाही, त्यामुळे समोरचा घाईत असतो. तरी मी आधी विचारतो, बंद पडण्याआधी अँपिअर किती दाखवत होतं?

बरेच मिस्त्री थेट पाईप ओढायलाच घेतात. दोन-तीनशे फुटांवरची सबमर्सिबल काढायची म्हणजे चेन पुली, चार माणसं आणि दिवस गेला! त्याआधी स्टार्टरवरचा काटा बघा की. काटा नेहमीपेक्षा वर, तर व्होल्टेज कमी किंवा पंप जाम. काटा खाली, डुलतोय, पाणी हवेसकट थांबून थांबून येतंय... तर पाणीच पंपाखाली गेलंय. नवी मोटर टाकून काय होणार?

जळालेलं वाइंडिंगही बोलतं. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजची कॉइल काळी आणि तिसरी कोरी निघाली, की समजावं एक फेज गेला होता. नुसती भरून दिली तर तीच मोटर पुन्हा दुकानात येते. आधी डीपीवरचा फ्यूज बघायला हवा. त्यात ते ऑटो स्विच! लाईन आली रे आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं.

गॅलिलिओच्या 1638 च्या ग्रंथात असाच एक मिस्त्री आहे. दुरुस्तीला बोलावलं तर तो सांगतो, दोष पंपात नाही, पाणी फार खाली गेलंय. वरून ओढणारा पंप साधारण 34 फुटांपलीकडे पाणी उचलूच शकत नाही, कारण पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आपल्याकडे विहिरीत टप्प्यावर मोटर बसवायचे ते याचसाठी. सबमर्सिबल खालून ढकलते, तिला ही मर्यादा नाही. मग आपण खाली खालीच जात राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका आबांकडे गेलो होतो. 16 वर असणारा काटा 9 वर डुलत होता. म्हटलं, "आबा, मोटर ठणठणीत आहे, बोअर संपत आलाय."

"दोन पाईप अजून सोडा भाऊ. घड कापेपर्यंत पुरलं म्हंजे झालं."

सोडले. चाळीस फूट. काटा 15 वर स्थिरावला. त्यानंतर आबा रोज संध्याकाळी फोन करून फक्त आकडा सांगायचे.